घरगुती डबे आणि फराळाचा व्यवसाय : वेळेचे नियोजन कसे करावे

पोळी-भाजीचे डबे, पुरणपोळ्या, मसाले किंवा दिवाळीचा फराळ घरच्या स्वयंपाकघरातून करून देणाऱ्यांना पदार्थ जमत नाही म्हणून व्यवसाय सोडावा लागला, असे फारसे ऐकू येत नाही. दिवस पुरेनासा झाला म्हणून सोडला, असे मात्र वरचेवर ऐकू येते. दुकानाला उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ असते, कामगाराला पाळी असते. घरच्या व्यवसायाला यांपैकी काहीच नसते, त्यामुळे सकाळी साडेसहाला ‘आज दोन डबे जास्त द्या’ असा निरोप येतो आणि रात्री साडेदहाला कोणी चकलीचा भाव विचारतो. अशा व्यवसायात नव्याने पडणाऱ्यांना सुरुवातीचा गोंधळ टाळता यावा, यासाठी अनेक वर्षे डबे आणि फराळ करताना मला उपयोगी पडलेली पद्धत येथे क्रमाने मांडली आहे. सगळी उदाहरणे खाद्यपदार्थांची आहेत, कारण मला तोच व्यवसाय आतून माहीत आहे.

माझे मत असे की या कामात शेगडीपाशी गेलेला वेळ सहसा वाया जात नाही. तो जातो दोन कामांच्या मधल्या जागेत: गिरणीच्या दुसऱ्या फेरीत, फोनवर, न सापडणाऱ्या झाकणात, आणि कढई तापलेली असताना दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यात. म्हणून हात जलद चालवण्याचा प्रयत्न करण्याआधी या मधल्या जागा शोधाव्यात.

१. आठवडाभर केवळ नोंद ठेवा

पहिल्या आठवड्यात वेळापत्रक करू नका. एक साधी वही घ्या आणि प्रत्येक पानावर पाच रकाने आखा: प्रत्यक्ष स्वयंपाक, तयारी आणि निवड-टिपण, फोन व पैशांचे व्यवहार, बाहेरची कामे, आणि घरची कामे. दर तासाला एकदा, हात पुसून, मागच्या तासात काय केले ते दोन शब्दांत त्या त्या रकान्यात लिहा. रात्री बसून आठवून लिहिलेल्या नोंदीचा उपयोग होत नाही, कारण आठवणीत फक्त मोठी कामे उरतात आणि आपल्याला नेमकी लहान कामे पकडायची असतात.

आठवड्याच्या शेवटी वही पाहताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. बाहेरच्या कामांच्या रकान्यात एकाच ठिकाणी किती वेळा जाणे झाले, आणि स्वयंपाकाच्या रकान्यात किती तास मधेच तुटले. तुटलेला तास फार महाग पडतो. बेसन भाजताना पाच मिनिटांचा फोन घेतला तर नुकसान केवळ पाच मिनिटांचे होत नाही, कारण तळ लागलेले बेसन टाकून पुन्हा पहिल्यापासून भाजावे लागते.

२. आपल्या हातात नसलेल्या वेळा आधी मांडा

वेळापत्रक करताना बहुतेक जण आपल्याला काय करायचे आहे त्यापासून सुरुवात करतात. त्याऐवजी कागदावर आधी त्या वेळा लिहा ज्या तुम्हाला बदलता येणार नाहीत. पाणी किती वाजता येते आणि किती वाजता जाते, मुलांची शाळेची गाडी केव्हा, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जेवणाची आणि औषधाची वेळ कोणती, डबे नेणारा किती वाजता येतो, मंडईत चांगला माल कोणत्या वेळी मिळतो, गिरणी कोणत्या वारी बंद असते. पुण्यात देखभालीच्या कामांसाठी पाणी किंवा वीज बंद ठेवण्याचा वार बहुधा गुरुवार असतो. तुमच्या भागात असा वार कोणता आहे ते विचारून घ्या आणि त्या दिवशी मिक्सर किंवा भरपूर धुणे-भांडी लागणारा पदार्थ ठेवू नका.

गिरणीविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. चकलीची भाजणी गव्हाच्या पाठोपाठ दळली तर आधीचे पीठ तिच्यात मिसळते, आणि उपवासाच्या भाजणीच्या बाबतीत तर तसे चालणारच नाही. त्यामुळे गिरणीवाल्याला ज्या वेळी जाते साफ करून दळणे सोयीचे असते ती वेळ, म्हणजे बहुतेक ठिकाणी सकाळी गिरणी उघडताना, आधी सांगून ठरवून घ्यावी लागते. नवरात्रानंतर सगळ्यांचीच भाजणी गिरणीत येते आणि डबे रांगेत राहतात. मसाल्याचेही असेच आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात मिरच्या वाळल्या की कांडपाच्या डंकापाशी गर्दी होते, म्हणून मिरच्या वाळत घालण्याच्या दिवशीच डंकवाल्याकडे नाव लावावे.

या न बदलणाऱ्या वेळा मांडून झाल्या की मोकळे तुकडे आपोआप दिसतात. ते वाटले होते त्यापेक्षा लहान निघतात, पण ते खरे असतात.

३. पोहोचवण्याच्या वेळेपासून मागे मोजत या

‘सकाळी लवकर उठू आणि लागू कामाला’ हे नियोजन नव्हे. डबा घरातून निघण्याची वेळ ही खुंटी धरावी आणि तिथून मागे मोजत यावे.

समजा, डबे सव्वादहाला निघतात. पंधरा डबे आहेत आणि प्रत्येकात चार पोळ्या, म्हणजे साठ पोळ्या. तुम्हाला एका पोळीला लाटणे आणि भाजणे मिळून दीड मिनिट लागत असेल तर नव्वद मिनिटे झाली. हा आकडा अंदाजाने धरू नका. घड्याळ समोर ठेवून वीस पोळ्या करा आणि मोजा. त्यात चौथा हिस्सा जास्तीचा धरा, कारण पीठ कमी पडते, दारावरची घंटा वाजते, सिलिंडर संपते. म्हणजे जवळजवळ एकशे पंधरा मिनिटे. डबे भरायला आणि पुसायला अर्धा तास लागतो, म्हणून पोळ्या पावणेदहाला संपल्या पाहिजेत, म्हणजेच सात पन्नासला तवा तापलेला हवा. कणीक त्याआधी किमान अर्धा तास मुरायला हवी, तेव्हा सातला ती मळायला घ्यावी लागेल आणि ती मुरत असताना भाजी फोडणीला पडलेली असेल.

याच हिशेबाने पंचवीस डबे करून पाहा. शंभर पोळ्या, दीडशे मिनिटे, आणि चौथा हिस्सा धरून तीन तासांच्या वर. तवा साधारण साडेसहाला चढवावा लागेल आणि पहिल्या पोळ्या डब्यात पडेपर्यंत तीन तास जुन्या झालेल्या असतील. म्हणजे पंधरा डब्यांवरून पंचवीसवर जाणे हा लवकर उठण्याचा प्रश्न राहत नाही. तिथे दुसरा तवा आणि दुसरे हात लागतात. हे गणित नवीन गिऱ्हाईक घेण्याआधी करावे.

काही पदार्थ मागे मोजताना आदल्या दिवसाच्याही मागे जातात. बुधवारी मटकीची उसळ द्यायची असेल तर मटकी मंगळवारी सकाळी भिजली पाहिजे, रात्री उपसून फडक्यात बांधली गेली पाहिजे, तेव्हा बुधवारी पहाटे मोड दिसतील. थंडीच्या दिवसांत आणखी एक रात्र धरावी. म्हणून कामाच्या कागदावर ‘बुधवार : उसळ’ एवढेच लिहून भागत नाही, ‘मंगळवार सकाळ : मटकी भिजवणे’ हेही स्वतंत्र काम म्हणून लिहावे.

४. आठवड्याचा मेनू ठरवा आणि सारखी कामे एकत्र करा

‘उद्या काय करायचे’ हा प्रश्न रोज रात्री पडत असेल तर त्यात जाणारा वेळ आणि डोक्याला होणारा त्रास दोन्ही अनावश्यक आहेत. दोन आठवड्यांचा मेनू ठरवून तो आलटून-पालटून चालवावा. गिऱ्हाइकाला चौदा दिवसांनी तीच भाजी आली तर तक्रार नसते. तक्रार असते ती एकाच आठवड्यात दोनदा बटाटा आल्याची. मेनू ठरला की मंडईची यादी ठरते आणि मंडईच्या फेऱ्या आठवड्यात दोनवर येतात.

एकत्र करण्याजोगी कामे: लसूण सोलणे, शेंगदाण्याचे कूट, सुके खोबरे भाजून ठेवणे, गोडा मसाला, चिंच-गूळ तयार करणे, डब्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिणे. एकत्र न करण्याजोगीही कामे असतात आणि वेळ वाचवण्याच्या नादात ती केली की चव जाते. वांगी आणि बटाटे आदल्या रात्री चिरू नयेत, कणीक रात्री मळून ठेवू नये कारण ती काळपट पडते, आणि ओला नारळ खवून दोन दिवस ठेवू नये. पालेभाजी मात्र रात्री निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर सकाळचा बराच वेळ मोकळा होतो.

पंचवीस मिनिटे सलग काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पोमोडोरो पद्धत फ्रान्चेस्को सिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मांडली, आणि वेळेविषयीच्या प्रत्येक सल्ल्यात ती हमखास भेटते. हिशेब, लेबले आणि उत्तरे देणे अशा बैठ्या कामांना ती चांगली लागू पडते. पण पाक एकतारी होत असताना घंटा वाजली म्हणून उठून जाता येत नाही. शेगडीपुढे पदार्थ सांगेल ती वेळ पाळावी लागते. तिथे घड्याळाचा उपयोग वेगळा आहे. पदार्थाला ‘थांबण्याचा’ जो वेळ लागतो तो ओळखून त्यात दुसरे काम बसवता येते. बेसन मंद आचेवर भाजून झाले की ते पूर्ण गार झाल्याशिवाय पिठीसाखर घालता येत नाही, म्हणून बेसन रात्री भाजावे आणि लाडू सकाळी वळावेत. करंजीचे पीठ मुरत असताना सारण करावे. चिवडा पसरून गार होत असताना पिशव्यांवर लेबले लावावीत; गरम चिवडा पिशवीत भरण्याची घाई केली तर वाफेने तो मऊ पडतो आणि सगळे काम पुन्हा करावे लागते.

५. मागण्या आणि फोन यांना वेळ बांधून द्या

नवीन व्यावसायिकांची सर्वांत जास्त फरपट येथे होते, आणि या पायरीवर थोडा कठोरपणा दाखवल्याशिवाय इतर सगळे नियोजन कागदावरच राहते.

मागणी स्वीकारण्याची शेवटची वेळ जाहीर करा. डब्यासाठी ती आदल्या रात्री आठची असावी. पुरणपोळीसाठी दोन दिवस आधीची. पुरण शिजवणे, वाटणे आणि गार करणे यांत वेळ जातो हे गिऱ्हाइकाला माहीत नसते असे नाही, पण तुम्ही एकदा ऐनवेळी ‘हो’ म्हणालात की तीच तुमची पद्धत ठरते. वेळ उलटून गेल्यावर आलेल्या मागणीला ‘आज जमणार नाही, परवाच्या यादीत आपले नाव घेते’ असे उत्तर द्यावे. ‘बघते’ हे उत्तर देऊ नये. त्याचा अर्थ समोरची व्यक्ती ‘हो’ असाच घेते.

व्यवसायासाठी वेगळा क्रमांक घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस ठेवा. त्यातील चार सोयी खरोखर वेळ वाचवतात. कॅटलॉगमध्ये पदार्थांचे फोटो आणि भाव टाकून ठेवले की भाव विचारणाऱ्याला तोच पाठवता येतो. ‘अवे मेसेज’ लावला की ठरलेल्या वेळेबाहेर आलेल्या संदेशाला आपोआप उत्तर जाते. ‘क्विक रिप्लाय’मध्ये नेहमीची उत्तरे साठवता येतात. आणि ‘लेबल’ लावून ‘आगाऊ रक्कम यायची आहे’, ‘काम सुरू’, ‘पोहोचले’ असे गट करता येतात. दिवसातून दोनदा, समजा दुपारी दोन ते अडीच आणि रात्री आठ ते साडेआठ, फोन घेऊन बसावे; एरवी तो स्वयंपाकघराबाहेर असावा. डबे नेणाऱ्याचा आणि मुलांच्या शाळेचा क्रमांक तेवढा वेगळ्या वाजण्याने ओळखता येईल असा ठेवावा.

प्रत्येक मागणी लेखी असावी. नाव, पत्ता, पदार्थ, वजन किंवा नग, तारीख, पोहोचवायचे की नेणार, आणि आगाऊ रक्कम किती आली, एवढे एका ओळीत लिहून गिऱ्हाइकाला परत पाठवावे आणि ‘बरोबर’ असे उत्तर आल्यावरच वहीत चढवावे. आवाजी संदेशातून आलेली मागणीही अशीच लिहून पक्की करून घ्यावी. तेवढ्याने दिवाळीच्या तोंडावर ‘मी एक किलो म्हणाले होते, अर्धा नाही’ हा वाद टळतो, आणि असा एक वाद निस्तरायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात वीस मागण्या लिहून होतात.

येथे आणखी एका गोष्टीपासून सावध राहा. ‘तू घरीच असतेस ना’ असे म्हणून कुरिअर ठेवून घेणे, शेजारच्या मुलांकडे पाहणे, सोसायटीच्या टाकीच्या माणसासाठी दार उघडणे ही कामे तुमच्याकडे येऊ लागतात. शेजारधर्म सोडावा असे मी म्हणणार नाही, आणि सोडून चालतही नाही. पण दारावर ‘सकाळी सात ते साडेदहा काम सुरू’ अशी छोटी पाटी लावल्यास तोंडाने नकार देण्याची वेळ बरीच कमी येते. आमच्या मजल्यावर तर त्या पाटीनंतर लोक स्वतःहून अकरानंतर येऊ लागले.

६. सणांचे कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीलाच आखा

घरगुती खाद्यव्यवसायाचे वर्ष पंचांगावर चालते. चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, सांडगे आणि मसाले, श्रावणात उपवासाचे पदार्थ आणि पुरणपोळ्या, भाद्रपदात उकडीचे मोदक, नवरात्रात उपवासाची भाजणी, मग दिवाळी, पौषात तिळगूळ आणि गूळपोळी, फाल्गुनात होळीच्या पुरणपोळ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सण आला ती तारीख नव्हे, तर त्या सणाच्या तयारीचा पहिला दिवस लाल करून ठेवावा.

पदार्थाच्या टिकाऊपणावर मागणीची मर्यादा ठरते. गूळपोळी काही दिवस टिकते, म्हणून संक्रांतीचे काम चार-पाच दिवसांवर पसरता येते. उकडीचा मोदक त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात द्यायचा असतो, त्यामुळे गणेश चतुर्थीच्या सकाळी जेवढे मोदक होऊ शकतात तेवढीच मर्यादा, आणि ती गाठली की यादी बंद. मोदकांची मागणी नाकारण्याचे वाईट वाटते खरे, परंतु आरती संपल्यावर पोहोचलेला मोदक कोणालाच नको असतो.

७. दसरा ते दिवाळी : वीस दिवसांचे गणित

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत वीस दिवस असतात, आणि फराळाच्या व्यवसायाचा कस त्यांत लागतो. या वीस दिवसांत तीन खुंट्या ठोकाव्यात: दसरा, कोजागरी आणि वसुबारस.

दसऱ्याच्या आधीची कामे. अनारशाचे पीठ सर्वांत आधी घ्यावे. तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलत भिजवायचे, सावलीत फडक्यावर निथळवायचे, किंचित ओलसर असतानाच दळून चाळायचे आणि गूळ घालून गोळे करून मुरायला ठेवायचे. यात तुमचे हात थोडाच वेळ लागतात, पण दिवस बरेच जातात. चकलीची भाजणी भाजून, गिरणीतून आणून घट्ट डब्यात भरावी. साखर दळून, सुके खोबरे किसून, वेलदोडे कुटून ठेवावेत. पिशव्या, डबे आणि लेबले याच काळात आणावीत, कारण पुढे बाजारात नेमक्या मापाचे डबे मिळत नाहीत. परदेशातल्या मुला-नातवंडांसाठी फराळ पाठवणाऱ्यांची पार्सले दसऱ्याच्या सुमारास घरातून निघाली पाहिजेत. म्हणजे त्यांच्यासाठीचा माल नवरात्रातच तयार हवा. त्यांची यादी वेगळी ठेवावी आणि त्यात ओल्या नारळाचा पदार्थ घेऊ नये.

दसरा ते कोजागरी हे पाच दिवस मागण्या घेण्याचे. कोजागरीच्या रात्री यादी बंद करावी, आगाऊ रक्कम न आलेली नावे काढावीत आणि प्रत्येक पदार्थाची बेरीज मांडावी. दुसऱ्या दिवशी सगळे सामान एकाच फेरीत आणावे.

कोजागरी ते वसुबारस हे साधारण बारा दिवस प्रत्यक्ष कामाचे. क्रम टिकाऊपणाप्रमाणे लावावा: आधी शंकरपाळे, मग शेव आणि चकली, नंतर चिवडा आणि लाडू, सर्वांत शेवटी करंज्या, चिरोटे आणि अनारसे. शंकरपाळे आधी घेण्याला तेलाचेही कारण आहे. ते आधी तळले आणि शेव-चकली नंतर, तर मधे तेल बदलावे लागत नाही; चकलीनंतरच्या तेलात शंकरपाळे तळले तर ओवा-तिखटाचा वास लागतो. एका दिवशी एकच तळणीचा पदार्थ ठेवावा. ‘सकाळी चकली, दुपारी करंजी’ असे दोन पदार्थ एका दिवसात बसवले की कढई, झारे, परात सगळे मधे धुवावे लागते, आणि त्यातच दुपार जाते. बारा दिवसांतले दोन दिवस कोरे सोडावेत. कोणता तरी घाणा बिघडेल, मदतनीस येणार नाही किंवा वीज जाईल, तेव्हा ते दोन दिवस कामी येतील. काहीच न घडल्यास पाय वर करून झोपावे.

पोहोचवण्यासाठी वसुबारसेपूर्वीचे दोन दिवस ठेवावेत आणि भाग वाटून घ्यावेत, म्हणजे एका दिवशी एका बाजूचे सर्व पत्ते. ‘मी कधीही येऊन घेऊन जाईन’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नेमकी वेळ द्यावी, नाहीतर ते नेमके तळणीच्या वेळी येतात.

८. कामे वाटा, आणि वाटणी सांगून करा

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत पापड उभे राहिले. वेळेच्या दृष्टीने त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे: पीठ केंद्रात मळले जाते, सभासद भगिनी ते सकाळी घरी नेतात, आपल्या सोयीने लाटतात, आणि वाळलेले पापड दुसऱ्या दिवशी केंद्रात देऊन मोबदला घेतात. चवीचा भाग एका ठिकाणी राहिला आणि हाताचा वेळ घेणारा भाग घरोघर वाटला गेला. आपल्या लहान व्यवसायातही हाच भेद करता येतो. भाजणीचे प्रमाण, पाक, मसाल्याचा अंदाज ही कामे स्वतःकडे ठेवावीत. सोलणे, लाटणे, मोजून भरणे, लेबल लावणे, पोहोचवणे ही दुसऱ्याला द्यावीत. मदतीला येणाऱ्या बाईंना तासावर की नगावर पैसे देणार हे आधीच ठरवावे. करंजीसारख्या कामाला नगावर देणे दोघींनाही सोयीचे पडते, पण निवडण्याच्या कामाला तासावर द्यावे, कारण नगाच्या घाईत खडा राहतो.

घरातल्या माणसांनाही ‘थोडी मदत करा’ असे म्हणून चालत नाही. कोणी, कोणत्या वारी, काय करायचे ते फ्रीजवर लिहून लावावे. हिशेबाची वही यजमानांकडे, पार्सलांवर पत्ते लिहिणे मुलांकडे, असे. आणि व्यवसायाचा डबा व घरचे जेवण एकाच भाजीत होत असेल तर निम्मे भांडण तिथेच मिटते.

९. कागदपत्रे आणि साधने एका जागी ठेवा

ऐनवेळी कागद शोधण्यात जाणारा वेळ टाळण्यासाठी एकच फाईल करा. तिच्यात पुढील गोष्टी असाव्यात.

– एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नोंदणीचे प्रमाणपत्र. अर्ज फॉसकॉस या पोर्टलवर करता येतो. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा हाताशी ठेवा. प्रमाणपत्रावरचा चौदा अंकी क्रमांक पाकिटाच्या लेबलवर छापायचा असतो.
– उद्यम नोंदणीचे, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे, प्रमाणपत्र. तिचे पोर्टल १ जुलै २०२० पासून सुरू आहे, नोंदणी आधारवर होते आणि ती पूर्णपणे मोफत आहे. सरकारी वाटणारी दुसरी संकेतस्थळे किंवा मध्यस्थ पैसे मागतात. त्यांच्या नादी लागू नका.
– गॅसची पावती. घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर व्यवसायासाठी वापरणे नियमात बसत नाही. १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर घ्यावे लागते, आणि ते कुठे ठेवायचे याचा विचार आधी करावा.
– बँकेचे वेगळे खाते आणि त्याला जोडलेला यूपीआयचा क्यूआर. घरखर्चाच्या खात्यात गिऱ्हाइकांचे पैसे आले की महिन्याच्या शेवटी एक आख्खी संध्याकाळ ते निवडण्यात जाते.
– भाडेकरू असल्यास मालकाचे आणि सोसायटीचे लेखी संमतिपत्र.

साधनांत फार खर्च करण्याचे कारण नाही. ग्रॅममध्ये दाखवणारा वजनकाटा, दोन टायमर, मोठी परात, सारख्या मापाचे डबे, पिशवी बंद करण्याचे सीलिंग मशीन, जलरोधक शाईचे पेन, आणि भिंतीवर एक पांढरा फळा एवढे पुरते. कणीक मळण्याचे यंत्र मात्र वीस डब्यांच्या पुढे गेल्यावर घ्यावेच. लेबलवर पदार्थाचे नाव, घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावे ते आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह यांचा साचा एकदा करून ठेवला की दर वेळी फक्त तारीख घालावी लागते.

१०. रोजचा हिशेब आणि आठवड्याची सुट्टी

रात्री फोनची वेळ संपली की लगेच पंधरा मिनिटांत त्या दिवशीची विक्री, खर्च, शिल्लक सामान आणि उद्याची पहिली तीन कामे लिहावीत. हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. आठवड्यातला एक वार पूर्ण बंद ठेवावा आणि तो गिऱ्हाइकांना पहिल्याच दिवशी सांगावा. कार्यालयांना डबे देत असाल तर रविवार आपोआप मिळतो, पण घरगुती डबे असतील तर तो मागून घ्यावा लागतो. त्या दिवशी भाव विचारणारे फोनही उचलू नयेत.

११. हंगाम संपल्यावर तासाचा भाव काढा

दिवाळीनंतरच्या आठवड्यात वही उघडून प्रत्येक पदार्थापुढे तीन आकडे लिहा: विक्री, सामानाचा खर्च आणि लागलेले तास. विक्रीतून खर्च वजा करून आलेल्या रकमेला तासांनी भागा. समजा, चिवड्यात चार तासांत दोन हजार रुपये सुटले आणि करंजीत आठ तासांत चोवीसशे; म्हणजे चिवड्याचा तास पाचशेचा आणि करंजीचा तीनशेचा. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, पण चित्र बहुधा असेच निघते, कारण करंजीत प्रत्येक नग हातातून तीनदा जातो.

यावर करंजी बंद करणे हा उपाय नाही. करंजीशिवाय फराळाची मागणीच येत नाही. तिचा भाव किलोऐवजी नगावर लावता येतो, तिची एकूण संख्या आधीच बांधून ठेवता येते, किंवा ती फक्त पूर्ण फराळ घेणाऱ्यांनाच देता येते. डब्यांच्या बाबतीतही हीच वजाबाकी करावी. दूरच्या कोपऱ्यातला एकच डबा पोहोचवायला अर्धा तास जात असेल तर त्या गिऱ्हाइकाला जवळच्या एखाद्या ठरलेल्या ठिकाणाहून डबा नेण्याची विनंती करावी, आणि तेही जमत नसेल तर महिना संपताना, आगाऊ सूचना देऊन, तो डबा थांबवावा.